पल्याडची हाळी

"पल्याडची हाळी आली हुती न्हवं, मास्तर?" बमाबाईनं शाळेच्या दारातूनच विचारलं.

"आली होती," मी म्हणालो.

धडधडीत खोटं बोललो. हाळी म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे हे कसलं खोटं होतं ते कळेल.

गावंधर धनगरवाडा म्हणजे डोंगराच्या पाठीवर कुणीतरी मूठभर फेकावीत तशी विखुरलेली सतरा घरं. मधे सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. सड्यावर एका खोलीची वस्तीशाळा, वर पत्रे, आत पहिली ते चौथीची मिळून अकरा पोरं. शाळा सुटली की पोरं तीन वाटांनी पांगायची. दोन वाटा सरळ होत्या. तिसरी झोऱ्यांच्या चार घरांकडं जायची, ती रानातनं उतरून ओढ्यावर. ओढ्यावर दोन ओंडके टाकून केलेला साकव. पावसाळ्यात त्या ओंडक्यांवर शेवाळ धरायचं, आणि खालून पाणी असं जायचं की मोठा माणूससुद्धा बसून, सरकत सरकत पार व्हायचा.

म्हणून वाड्यानं नियम केला होता. झोऱ्यांच्या पोरानं साकवाच्या अलीकडं एका कातळावर उभं राहायचं आणि जोरात "कूऽऽऽ" करायचं. ही अल्याडची हाळी. शाळेतनं गुरुजीनं तशीच हाळी परत द्यायची. म्हणजे ऐकलं, मी कान लावून उभा आहे, आता उतर. गुरुजीची हाळी आल्याशिवाय साकवावर पाय घालायचा नाही. पलीकडं चढून गेलं की पुन्हा एकदा "कूऽऽऽ". ती पल्याडची. ती आली की शाळेला कुलूप. नाही आली तर गुरुजीनं पळत सुटायचं.

तेव्हा मी बमाबाईला जे सांगितलं त्याचा अर्थ एवढाच होता, की तुझी पोरगी सुखरूप ओढा ओलांडून गेली. माझं काम संपलं. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

ऑगस्टातला शनिवार. सकाळची शाळा साडेअकराला सुटलेली. आता एक वाजून गेला होता, आणि तिची ठकी, सात वर्षांची, पहिलीतली, घरी पोचली नव्हती.

मी वीस वर्षांचा होतो. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजनं महिनाभराच्या आंतरवासितेसाठी मला या डोंगरावर पाठवलं होतं, कारण ज्यांच्या वडलांची ओळख होती त्यांना रस्त्यावरच्या शाळा मिळाल्या होत्या. मी गडहिंग्लजहून ट्रंकभर तक्ते घेऊन आलो होतो. पाण्याचे उपयोग, वाहतुकीची साधनं, आगगाडीचं चित्र. अकरातल्या एकाही पोरानं आगगाडी सोडाच, डांबरी रस्तासुद्धा नीट बघितला नव्हता. पण पाठाच्या टाचणात लिहिलं होतं म्हणून मी आगगाडी शिकवली.

शाळेचा खरा शिक्षक लक्ष्मण येडगे. याच वाड्यातला, दहावी पास, तुटपुंज्या मानधनावरचा. माझ्या कॉलेजात अशा माणसाला शिक्षक म्हणत नव्हते. मीही मनातनं म्हणत नव्हतो. त्या आठवड्यात त्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला तालुक्याला बोलावलं. निघताना तो मला म्हणाला, "सर, तीन दिवस काय शिकवलं न्हाई तरी चालंल. हाळी तेवढी सोडू नका."

मी हसलो होतो.

तरी गुरुवारी हाळी घेतली. शुक्रवारी आमचे प्राध्यापक सावेकर सर माझा पाठ तपासायला आले. खाली रस्त्याला जीप ठेवून दीड तास चढून आले, त्यामुळं आले तेच तापलेले. पाठ झाला, शाळा सुटली, आणि मी सड्याच्या कडेला जाऊन दोन्ही हात तोंडाशी धरून झोऱ्यांच्या वाटेला उत्तर दिलं. मागं वळलो तर सर माझ्याकडं असे बघत होते जणू मी रस्त्यात धोतर सोडलंय.

"हे काय चाललंय?"

"सर, हाळी. मुलं ओढा..."

"तुम्हाला संस्कार करायला पाठवलंय की गुरं हाकायला?"

"सर, ओढ्यावर साकव आहे..."

"मला भूगोल सांगू नका."

निरीक्षण वहीत लाल शाईनं लिहिलं: वर्गनियंत्रण नाही. शाळा सुटताना शिक्षक स्वतः किंचाळतात. चाळीसपैकी चौदा. पुढच्या पाठालाही असंच झालं तर वर्ष गेलं, हे तोंडी सांगितलं आणि उतरून गेले. ओढा कुठं आहे, हे त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. आला तो पोरांचा. वरून झोडपलं की खालच्याला झोडपायचं, एवढं एकच कॉलेजनं मला पक्कं शिकवलं होतं. शनिवारी सकाळी प्रार्थनेनंतर मी अकरा पोरांना उभं केलं आणि आजपासून शाळेत आणि वाटेवर ओरडणं बंद, अशी सक्त ताकीद दिली. पोरं एकदम गप्प झाली. मला वाटलं, हे झालं वर्गनियंत्रण.

त्या दिवशी धुकं इतकं होतं की शाळेच्या दारातनं झेंड्याचा खांब दिसत नव्हता. ठकीबरोबर रोज तिचा चुलतभाऊ असायचा. तो तापानं झोपून होता. साडेअकराला ती एकटीच घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन धुक्यात शिरली. मी लगेच दार लावून घेतलं आणि सोमवारचं टाचण लिहायला बसलो. कुठनंही आवाज आला नाही. मला बरं वाटलं.

आणि आता बमाबाई दारात उभी होती. तिशीच्या आतली बाई, गुडघ्यापर्यंत चिखल. नवरा कोल्हापुरात हॉटेलात भांडी घासायला.

"मला वाटलं तुमी शाळा लांबिवली आसंल," ती म्हणाली. "म्हणून सरळ हितं आले. हाळी आली म्हंता, मग गेली कुटं?"

"पलीकडंच कुठं तरी असेल, वहिनी. खेळत बसली असेल."

"आसल्या धुक्यात?"

 तिनं उत्तराची वाट बघितली नाही. वळली आणि पळाली. मीही चप्पल घालून मागं पळालो.

अर्ध्या तासात ओढ्याच्या पलीकडं, झोऱ्यांच्या घरांपाशी माणसं जमली. पुरुष थोडेच होते, बाकी बायका आणि म्हातारे. सगळ्यांच्या पुढं ठकीचा आजा धुळबा. त्यानं काठी ओढ्याकडं केली आणि मला विचारलं, "मास्तर, पल्याडची आली हुती, नक्की?"

दुसऱ्यांदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा संधी होती.

"नक्की," मी म्हणालो.

"मग पाण्यात न्हाई," धुळबा म्हणाला आणि त्यानं मोठा श्वास सोडला. "देवाची किरपा. वरच्या रानात शिरली आसंल. वासराच्या मागं गेली आसंल. चला रं, जांभळीच्या अंगानं."

सगळे ओढ्याकडं पाठ करून वर चढले.

मीसुद्धा त्यांच्याबरोबर चढलो. ओरडलो. करवंदीच्या जाळ्या काठीनं उचलून बघितल्या. गव्याच्या शेणाचा ताजा पो दिसला तेव्हा बायका कुजबुजायला लागल्या आणि धुळबानं त्यांना गप्प केलं. मी सगळ्यांपेक्षा जास्त धावपळ करत होतो. कुणी म्हणालंसुद्धा, "मास्तर लई जीव लावून हुडकत्यात." मला माहीत होतं की आम्ही कदाचित चुकीच्या अंगाला शोधतोय. माझ्या एका शब्दानं ओढा बघायचा राहिला होता. आणि प्रत्येक दहा मिनिटांनी ते तोंडातनं काढणं आणखी अवघड होत होतं. आता सांगितलं तर म्हणतील मघाशी का नाही सांगितलं. मारतील. कॉलेजला कळेल. चौदा गुण, आणि वर हे. खरं सांगतो, त्या रानात माझ्या डोक्यात ठकीच्या आधी माझे गुण होते.

तीन वाजत आले. धुकं तसंच. बमाबाई एका दगडावर बसली. तिचा आवाज पार बसला होता. मी जवळ होतो म्हणून तिनं मलाच विचारलं.

"मास्तर, कशी हुती वं?"

"काय?"

"तिची हाळी. कशी हुती? दमल्यावाणी हुती? का भ्याल्यावाणी? नीट आठवा की. बारीक हुती का रोजच्यावाणी मोठी हुती?"

मी तोंड उघडलं. खोटं बोलायला एरवी काही लागत नाही. 'रोजच्यासारखीच होती' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ती माझ्या तोंडाकडं अशी बघत होती, जणू तिच्या पोरीचा आवाज माझ्या घशात ठेवलाय आणि मी तो आता काढून देणार आहे. आणि माझ्याकडं तो नव्हता.

"वहिनी, हाळी आली नाही," मी म्हणालो.

"काय?"

"पल्याडची नाही, अल्याडचीपण नाही. मी घेतलीच नाही. मीच पोरांना ओरडायला बंदी केली होती. मी खोटं बोललो."

धुळबा चार पावलांवर होता. तो काठी घेऊन आला. मी हलायचं नाही असं ठरवलं. त्यानं मारलं नाही. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, "दीड तास, मास्तर? दीड तास आमाला बकऱ्यावाणी डोंगरावर फिरवलंस?"

 बमाबाई उठून उताराला लागली होती. लुगडं काट्यात अडकलं ते फाडून तशीच पुढं पळाली. आम्ही मागनं.

साकवाशी आलो. पाणी तांबडं, फेसाळ, ओंडक्यांच्या खाली वीतभर. धुळबा दोघांना घेऊन पाण्याच्या कडेकडेनं खाली गेला. ते काय शोधत होते ते सांगायची गरज नव्हती. ते तिघंही पाण्यात काठ्या खुपसत चालले होते. मी बमाबाईच्या मागनं साकवावरनं बसून सरकत अलीकडं आलो. हाताला शेवाळ लागलं. सात वर्षांचं पोर इथनं रोज जातं, आणि मी पाण्याचे उपयोग शिकवत होतो.

"ठकेऽऽ!" बमाबाईनं हाक मारली. आवाज फुटेना. "ठके गंऽऽ!"

पाण्याचा आवाज. बाकी काही नाही.

"तू मार हाक," ती माझ्याकडं वळून म्हणाली. आतापर्यंत 'तुमी' होतं, ते गेलं. "माझा गळा गेलाय. मार की! तोंड हाय न्हवं तुला?"

मी तोंडाशी हात नेले, आणि तेव्हा मला सकाळचे माझे शब्द आठवले. नुसती ताकीद नव्हती दिली मी. हजेरी हातात धरून, पेन दाखवून सांगितलं होतं: जो कोणी ओरडेल, त्याचं नाव काटणार. कायमचं. पुन्हा शाळेत यायचं नाही. पुढच्याच ओळीत ठकी उभी होती. पेनाकडं बघत होती.

"ठके!" मी ओरडलो. "मी सर! ऐकतेस का? ओरड! आता ओरडायचं! नाव काटणार नाही! शप्पथ, काटणार नाही, ओरड ठके!"

"कूऽऽऽ!"

इतक्या जवळनं आली की मी दचकलो. पाठीमागनं. कातळाच्या बुडाशी कारवीच्या झुडपांचं दाट गचपण होतं, त्यातनं. वीस पावलंसुद्धा नव्हती. काळं घोंगडं, काळा कातळ, वरनं धुकं. दीड वाजता बमाबाई त्याच्या शेजारूनच पळत गेली असणार.

बमाबाईनं गचपण दोन्ही हातांनी फाकवलं. आत ठकी पाय पोटाशी घेऊन, दप्तर मांडीवर धरून बसली होती. ओठ निळे. बाकी धड. पूर्ण धड. केस तेवढे ओले.

"भवाने," बमाबाई म्हणाली आणि तिला ओढून छातीशी धरलं. मग बाजूला करून तिचे हात, पाय, डोकं चाचपलं. मग परत छातीशी धरलं. मग एक धपाटा घातला. "हितं काय करतीस? घरला का आली न्हाईस?"

"सरांची हाळी कुटं आली?" ठकी म्हणाली. "हाळी आल्याबिगार पाय घालायचा न्हाई."

"मग तू द्यायची हुतीस की आधी!"

"वराडायचं न्हाई न्हवं. नाव काटत्यात."

"मग शाळंत जायचं माघारी!"

"शाळा सुटल्याली."

 पोरीला दोन नियम दिले होते आणि तिनं दोन्ही पाळले होते. दोन्हींच्या मधे जेवढी जागा उरली तेवढ्यात ती साडेतीन तास बसली होती.

"मी हितनं गेले तवा न्हाई दिसले तुला?"

"झोपल्याली."

"आनि पल्याडनं मी हाका मारत हुते, बोंब मारत हुते, त्या न्हाई आल्या ऐकायला?"

"आल्या की."

"मग ओ का दिली न्हाईस?"

"दिली."

"कवा दिली?"

"दिली की." ठकीनं माझ्याकडं चोरून बघितलं. "हळू दिली."

 बमाबाईच्या तोंडातनं एक विचित्र आवाज आला, मला वाटलं रडतेय. ती हसत होती. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, आणि हसत होती. "हळू दिली म्हंती," ती ओढ्याच्या दिशेनं ओरडली, "मामंजीऽऽ, गावलीऽऽ! हितं हाय! हळू ओ दिली म्हंती!" खालनं धुळबाचा आवाज आला, तो काय म्हणाला ते कळलं नाही, पण काठी पाण्यात पडल्याचा आवाज आला. नंतर कळलं, त्यानं ती टाकूनच दिली होती.

 मी तिथंच चिखलात बसलो आणि कितीतरी वेळ उठलो नाही. लाज वाटायला पाहिजे होती, ती नंतर वाटली, आजही वाटते. पण त्या वेळी लाजबीज काही नव्हती. पोरगी जिवंत होती. मी चिखलात बसून गार वारा घशात घेत होतो, आणि आयुष्यात श्वास घ्यायला एवढं सोपं कधी वाटलं नव्हतं.

ते तिला घेऊन गेले. मला कुणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

रविवारी सकाळी मी ट्रंक भरली. उतरून जायचं ठरवलं होतं. येडगे संध्याकाळी येणार होता आणि त्याच्यापुढं उभं राहायची माझी हिंमत नव्हती. तेवढ्यात दारात बमाबाई. बरोबर ठकी, अंगावर कोरडं झबलं, डोक्याला तेल.

बमाबाईनं भरलेली ट्रंक बघितली. 

"हिनं सकाळधरनं डोकं उठवलंय," ती म्हणाली. "काल शेवटाला वराडली न्हवं. नाव काटलं का ऱ्हायलंय ते बघायचंय म्हंती."

मी हजेरी काढली. पान उघडून ठकीपुढं धरलं आणि बोट ठेवलं. "हे बघ. ठकूबाई बिरू झोरे. आहे ना? कुणी नाही काटलं."

ठकी बघणार तेवढ्यात बमाबाईनं मधे हात घातला. ती हजेरीकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

"मला काय कळतंय त्यातलं, मास्तर? तू बोट ठेवशील ते नाव. काल बी आसंच सांगितलं हुतंस. सरळ तोंडानं."

मी बोट काढून घेतलं.

"तू हुडक," ती ठकीला म्हणाली. "सरांनी दाखवायचं न्हाई. तू वाच."

येडगेची एक पद्धत होती. पहिलीत पोर आलं की आधी त्याचं स्वतःचं नाव शिकवायचं, अ-आ नंतर. शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे असं मी त्याला ऐकवलं होतं, आणि त्यानं "आसंल सर" म्हणून सोडून दिलं होतं. ठकीनं वरच्या नावापासनं बोट सरकवायला सुरुवात केली. पहिलं नाही. दुसरं नाही. ती प्रत्येक नावापाशी थांबत होती आणि मान हलवत होती. सातव्यावर बोट थांबलं. ओठ हलले.

"काय?" बमाबाई म्हणाली. "मोठ्यानं."

ठकीनं माझ्याकडं बघितलं.

"ओरड," मी म्हणालो.

"ठऽ कूऽ बाऽ ईऽ!" तिनं असं ओरडून वाचलं की पत्रे घुमले. "बिऽ रूऽ! झोऽ रेऽ!"

बमाबाईनं वाकून त्या ओळीकडं पहिल्यांदा बघितलं. काळ्या अक्षरांवर आपलं जाड बोट अलगद फिरवलं, शाई लागते का बघावं तसं.

"हां," ती म्हणाली. "हाय."

मग ती उंबऱ्यावर टेकली, पाय लांब केले, आणि माझ्या स्टोव्हकडं मान हलवली.

"च्या टाक, मास्तर. लई चढून आलोय."

"दूध नाही, वहिनी," मी म्हणालो.

"हाय," ती म्हणाली, आणि घोंगड्याखालनं झाकणाची किटली काढून माझ्यापुढं सरकवली.